मेढीखालचं मीठ

संचिताचा मेसेज आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ड्रॉइंग पेपरचा गठ्ठा पंख्याखाली पसरत होते. सुट्टीभर कपाटात बंद राहून कागद इतका दमट झाला होता की त्यावर रंग लावणं म्हणजे टॉवेलवर लावण्यासारखं. मेसेजमध्ये प्रश्न होता: किनाऱ्यावरचं हवामान आणि बदलते ऋतू तुम्हाला प्रेरणा कशी देतात? उत्तर दीडशे शब्दांत हवं होतं आणि सोबत एक हसरा फोटो.

जून महिन्यात डोंबिवलीतल्या माणसाला प्रेरणेबद्दल विचारू नये. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की तो दुसऱ्या दिवशीपर्यंत सुकत नाही. कपाटातल्या जुन्या चित्रांवर पांढरे ठिपके उगवतात, पुठ्ठे वाकतात, ब्रशच्या दांड्या फुगतात आणि त्यांचा रंग सोलून बोटांना लागतो. उन्हाळ्यात घाम टपकून आकाशाला भोकं पडतात. आणि किनारा म्हणजे तरी कुठला? आमच्याकडे समुद्र नाही, खाडी आहे, आणि तिचा रंग चहाचा. प्रदर्शनाला येणाऱ्यांना मात्र निळं पाणी आणि पांढरी शिडं हवी असतात. हे सगळं दीडशे शब्दांत सहज बसलं असतं, पण संचिता माणूस चांगली आहे म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

संचिता ठाण्यात चित्रप्रदर्शनं भरवते. या वर्षीच्या तिच्या प्रदर्शनाचं नाव होतं 'किनारा आणि ऋतू', आणि त्यात माझी पाच चित्रं होती. सेहेचाळीस वर्षांची झाले तरी माझी चित्रं शाळेच्या जिन्यातून पुढे कधी गेली नव्हती. जिन्यात ती पोरांच्या दप्तरांना घासून काळी व्हायची. त्यामुळे ठाण्यात भिंत मिळणार, वर दिवा मिळणार, खाली नावाची पाटी मिळणार, याचं मला काय वाटत होतं ते मी घरी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

घर म्हणजे कोपरला, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. मी थोरली, शकू, लग्न न केलेली. धाकटा प्रितम, त्याची बायको, त्यांची दक्षता आणि मितेश, आणि आईबाबा, असे सगळे एकाच घरात. बाबांचं, म्हणजे दामाजींचं, आयुष्य मिठागरात गेलं. दिवाळी झाली की बांध घालायचे, भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लाकडी फावड्याने ओढून ढीग लावायचे. पाऊस आला की सगळं पाण्यात, ते पुन्हा दिवाळीपर्यंत. ते मिठागर बंद पडून बरीच वर्षं झाली. त्यावर भराव पडला, बिल्डिंगा उठल्या, त्यातल्या एकीचं भाडं प्रितम घेतो. मिठागर परत यावं असं घरात कोणालाच वाटत नाही, बाबांनाही नाही. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरून ते रात्ररात्र तळमळलेले आहेत, आणि त्या दिवसांबद्दल ते कधीही गोड बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी धरून ठेवली होती. शेवटच्या वर्षीचं मीठ. चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून, देवाच्या फळीखाली. ते जेवणात घालायचं नाही. आमच्या घरात लग्न निघालं की अंगणात मांडवाची मेढ रोवतात, आणि मेढीच्या खड्ड्यात आधी घरच्या कर्त्याने मूठभर मीठ टाकायचं, आपल्या आगरातलं. बाबांच्या लग्नात टाकलं, आत्यांच्या लग्नांत टाकलं, प्रितमच्या लग्नात बाबांनी स्वतः टाकलं. का टाकतात, हे मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, टाकतात.

गेल्या दिवाळीत मी चित्रांसाठी ते मीठ आईकडे मागितलं. माझ्या लग्नाचा योग काही आला नाही, म्हणजे माझ्या वाटणीची मूठ बरणीत पडूनच आहे, असं मी म्हटलं, अर्धं थट्टेत. माझ्या आईला, मनुबाईला, थट्टा कळते, पण तिला थट्टेतूनही व्यवहार काढायची सवय आहे. तिने बरणीच उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली. म्हणाली, लागेल तेवढं घे, मी बाजारचं खडेमीठ आणून भरून ठेवते, बाबांना सांगू नको. मीठ ते मीठ. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि बरणी ते उघडतात कुठे. मला ते खटकलं. पण मीठ मला हवं होतं, म्हणून मी गप्प बसले.

जलरंगात मिठाची एक युक्ती आहे. ओल्या रंगावर खडे टाकले की प्रत्येक खडा भोवतीचं पाणी ओढून घेतो आणि तिथे चांदणीसारखा डाग उमटतो. सुकल्यावर मीठ झाडून टाकायचं. हे मी पाचवीच्या पोरांनाही शिकवते. पण मिठागराचं चित्र काढायचं आणि त्यातलं मीठच झाडून टाकायचं, हे माझ्या गळी उतरेना. मी खडे ठेवले. डिंकाच्या पाण्याने चिकटवले, आणि जिथे ढीग दाखवायचा तिथे थरावर थर चढवले. आधी दुकानातलं मीठ वापरून पाहिलं होतं, ते कागदावर साखर सांडल्यासारखं दिसायचं. बरणीतलं मीठ राखाडी, ओबडधोबड, मध्येच एखादा चिखलाचा कण असलेलं. ते लावलं आणि चित्रात खरोखर बांध दिसायला लागला. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, अशी मिठागराच्या हंगामाची पाच चित्रं झाली. फाल्गुनाला मीठ कमी पडलं तेव्हा बरणीचा तळ ब्रशने झाडून घेतला. ते चित्र पुरं झालं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं आणि ते मला त्याच वेळी कळत होतं.

आता कोणीही विचारील, बाई, पावसाळ्यात काय होणार होतं याचं? किनाऱ्यालगतच्या कुठल्याही स्वयंपाकघरात आषाढात मिठाला पाणी सुटतं. म्हणून तर मिठात तांदळाचे दाणे टाकतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं आणि मी तर मिठागरवाल्याची मुलगी. पण प्रदर्शन एप्रिलमध्ये होतं. चित्रं लागायची, उतरायची, पावसाच्या आत घरी यायची आणि प्लास्टिकमध्ये बंद व्हायची, असं ठरलं होतं. मग हॉल निवडणुकीच्या कामाला गेला आणि प्रदर्शन ढकललं गेलं जुलैत. दरम्यान दक्षताची सोयरीक जमली, लग्न मार्गशीर्षात धरलं, आणि बाबा देवाच्या फळीकडे बघून म्हणाले की बरं झालं, मीठ जपून ठेवलं. आई चहा गाळत होती, तिने मान वर केली नाही.

वागळे इस्टेटमध्ये फ्रेमा करणारा नयन माझ्या ओळखीचा. त्याला मी मिठाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, टेन्शन घेऊ नका, पुढून काच, मागून टेप, आत हवाच जाणार नाही. खरं होतं त्याचं. फक्त जूनमधली ओली हवा आधीच आत होती आणि त्याने ती छान बंद करून दिली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी चित्रं सुंदर दिसली. ते मी खोटं बोलणार नाही. दिव्याखाली मीठ चमकत होतं, लोक जवळ जाऊन बघत होते, एका आजोबांनी हे खरंच मीठ आहे का म्हणून दोनदा विचारलं. हॉलचा एसी कार्यक्रमापुरता लावला होता. माणसं गेली, एसी बंद झाला, काचांना बाहेरून घाम सुटला आणि मी तो रुमालाने पुसून घरी आले.

दुसऱ्या दिवशी घाम आतून होता. कार्तिकाच्या चित्रात काचेच्या खालच्या कडेला थेंब लोंबत होते. तिसऱ्या दिवशी फाल्गुनातला ढीग, ज्याला मी सगळ्यात जास्त थर दिले होते, सरकून चौकटीत येऊन बसला आणि त्याच्यामागून आकाशाचा रंग ओघळून आला. मी नयनला फोन केला. तो बुटांच्या खोक्यात असतात तसल्या पुड्या घेऊन आला, त्या त्याने मागून खुपसल्या आणि तासभर वाट बघितली. मग म्हणाला, मॅडम, काचच काढू, वारा लागला की सुकेल. काचा काढल्या. बाहेर तीन दिवसांची झड लागलेली. वारा लागला आणि मिठाने तोही पिऊन घेतला. संध्याकाळपर्यंत पाचही चित्रं फ्रेमच्या खालच्या पट्टीवरून भिंतीवर गळत होती.

मी संचिताला म्हटलं, उतरवते. रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण नक्की कोणाचा ते ठरत नव्हतं. हॉलवाल्यांचा, नयनचा, पावसाचा की माझा. संचिता चित्रांपुढे उभी राहिली, दोन पावलं मागे गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला धडकीच भरली. ती म्हणाली, शकू, हात लावू नकोस. ऋतू स्वतः चित्र काढतोय.

रात्रीतून तिने नवी पाटी छापून आणली. त्यावर माझं नाव मोठं होतं आणि खाली लिहिलं होतं की कलावतीने आपलं चित्र हवामानाच्या स्वाधीन केलं आहे. मी काहीही कोणाच्या स्वाधीन केलं नव्हतं. मी डिंक लावला होता. पण दुसऱ्या दिवसापासून गर्दी वाढली. पोरंपोरी गळणाऱ्या फ्रेमांशेजारी उभी राहून फोटो काढायची. कोणीतरी खाली स्टीलची वाटी ठेवली, तर तिचेही फोटो निघाले. एका पेपरचा मुलगा आला आणि ही कल्पना कशी सुचली म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, चुकून झालं. तो हसला आणि त्याने छापलं की शकुंतलाबाई अतिशय विनम्र आहेत.

जे चित्र मी हातांनी, डोळे फोडून, महिनाभर बसून काढलं ते कोणी बघितलं नव्हतं. त्याचं वाटोळं झालेलं बघायला माणसं डोंबिवलीहून, मुलुंडहून येत होती. शाळेत हेडबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि टाळ्या वाजल्या. मी थँक यू म्हटलं. त्या दिवशी मी पोरांवर विनाकारण ओरडले.

पेपरातलं कात्रण प्रितमने बाबांना वाचून दाखवलं. त्यात मिठागर हा शब्द होता. बाबा म्हणाले, मला बघायचंय. मी नाना कारणं सांगितली. पाऊस आहे, पायऱ्या आहेत, गर्दी आहे, चित्रं खराब झालीत. प्रितम म्हणाला, अगं, पेपरात आलंय, खराब कसली. रविवारी तो आईबाबांना गाडीत घालून निघाला. शीळफाट्याला दीड तास अडकले, आणि हॉलवर पोचले तेव्हा बाबा ट्रॅफिकला, प्रितमला आणि रस्ते बांधणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या देऊन थकले होते. आई माझ्याकडे बघत नव्हती.

बाबांचा एक डोळा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, दुसरा राहिलेला. ते पहिल्या चित्रापाशी गेले, मान कधी इकडे कधी तिकडे कलती करून बघत राहिले. समोर होता राखाडी रंगाचा ओघळ. बांध नाही, वाफे नाहीत, ढीग नाही. त्यांनी विचारलं की यात आपलं आगर कुठे आहे. मी म्हटलं, होतं, आता पुसलं गेलं. ते पुढे सरकले. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. मग त्यांनी फ्रेमच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"बाबा, रंग हाय त्याच्यात. थूक," मी म्हटलं. घरच्यांशी मी घरचीच भाषा बोलते.

ते थुंकले नाहीत. तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत तसेच उभे राहिले. शेजारी एक बाई मोबाइल धरून चित्रीकरण करत होती, तिला मी हाताने बाजूला केलं.

"आपला हाय यो," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सगला घातलास?"

मी हो म्हटलं.

"मंग बरनीत काय हाय?"

मी आईकडे बघितलं. आईने पदराचं टोक नीट केलं आणि म्हणाली, बाजारचं. बाबांनी मान हलवली, जशी डॉक्टरांनी काही सांगितल्यावर हलवतात, आणि दाराकडे चालू लागले. परतीच्या वाटेवर गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत, शीळफाट्यालाही नाही. रात्री आई माझ्या खोलीत येऊन म्हणाली की चवीने काय कळतंय, तुझं तोंड बघून कळलं त्यांना. ते खरं असावं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी बरणी उचलून अंगणात नेली, पावसात उपडी केली, आणि पाण्याखाली धरून धुतली. मग कोरडी पुसून पुन्हा फळीखाली ठेवली. प्रितम म्हणाला, बाबा, मी कुठूनही मीठ आणून देतो, अजून मिठागरं चालू आहेत. दक्षता म्हणाली, आजोबा, ऑनलाइन गुलाबी मीठपण मिळतं. बाबांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. "नाय तर नाय. खोटा नको." मेढ रोवायची, मीठ टाकायचं नाही. आत्यांना, भावकीला काय सांगायचं ते त्यांनी बघू म्हटलं, आणि त्या बघूमध्ये माझ्यावरचा जो राग होता तो मला चांगलाच लागला. माझ्याशी ते बोलायचे, पण पाणी दे, औषध दे, दिवा घालव, एवढंच.

प्रदर्शन संपलं आणि पाचही चित्रं घरी आली. गणपतीपर्यंत कार्तिक, मार्गशीर्ष आणि फाल्गुन यांच्यावर हिरवी बुरशी चढली. कागद हात लावला की सुटायला लागला. ती तीन मी पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकली. पौष आणि माघ कपाटाच्या मागे भिंतीला तोंड करून उभी केली. फेकायला पुन्हा खाली उतरायचा कंटाळा आला, एवढंच कारण. संचिताचे मेसेज येत होते. पुढच्या पावसाळ्यासाठी अशीच दहा चित्रं कर, आपण मुंबईत मोठं करू. तिला मी सांगितलं की तसलं मीठ संपलं. तिने लिहिलं, मीठ कुठलंही चालेल गं. मी फोन गादीवर आपटला.

दिवाळी झाली आणि हवा कोरडी झाली. सकाळी ओठ फुटायला लागले, नाकात सुकं सुकं वाटायला लागलं. दक्षताच्या लग्नासाठी घराला रंग काढायचा म्हणून कपाट सरकवलं आणि ती दोन चित्रं मी उजेडात आणली.

मीठ परत आलं होतं.

पावसात जे विरघळून कागदभर पसरलं होतं ते कोरड्या हवेत जिथल्या तिथे पुन्हा धरलं होतं. माझ्या ढिगांच्या जागी नाही. ओघळांच्या वाटेने, कागदाच्या सुरकुत्यांत, फ्रेमच्या कडेला जाड किनार, मध्ये बारीक टोकदार खडे, निळसर राखाडी, आणि पौषाच्या चित्रात खालच्या अर्ध्या भागात एकापुढे एक असे आडवे पट्टे. ते वाफे होते. मी काढलेले नव्हते आणि मी काढले असते त्यापेक्षा शंभर पटींनी बरे होते. मी तिथेच जमिनीवर बसले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला. आयुष्यभर ब्रश घासला तो मी, आणि बक्षीस घेऊन जायचं हवेने.

फोटो काढून संचिताला पाठवायची चूक मी केली. तिचा लगेच फोन आला. बोलताना तिला दम लागत होता. जानेवारीत मुंबईत प्रदर्शन आहे, दोन्ही चित्रं हवीत, पौष घ्यायला एक माणूस आत्ताच तयार आहे, शकू, तू आता शाळेतली टीचर राहिली नाहीस. हे शेवटचं वाक्य मी त्या रात्री किती वेळा मनात म्हणून बघितलं ते सांगायला लाज वाटते.

बाबांना मी चित्रं दाखवली नाहीत. त्यांनी मागितलं नाही, कोणीच काही मागितलं नाही, आणि तोच सगळा त्रास होता. बाबांनी बरणीकडे बोट दाखवून भांडण केलं असतं तर मीही भांडले असते. म्हटलं असतं, तुमची एक मूठ आणि माझा सगळा जन्म, कशाला वजन जास्त. पण ते रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मेढीची जागा कुठली धरायची ते प्रितमला सांगायचे. अंगणात आता पेव्हर ब्लॉक आहेत. त्यातले चार काढून खड्डा करायचा होता.

मेढीच्या दिवशी सकाळी भावकी जमली. बायकांनी गाणी धरली, दक्षता हिरव्या साडीत, मितेश फोन घेऊन चित्रीकरणाला. खड्डा खणून तयार होता. मोठ्या आत्याने विचारलं, दामाजी, मीठ. बाबा म्हणाले, यंदा नाही. आत्याला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. गाणं मध्येच थांबलं. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि रिकामे होते, आणि ते खाली बघत होते. मी त्यांना आत्तापर्यंत कोणापुढे खाली बघताना पाहिलं नव्हतं, मिठागर गेलं तेव्हाही नाही.

मी वर गेले. पौष उचललं, खाली आणलं आणि सगळ्यांसमोर ओसरीवर ठेवलं. प्रितम म्हणाला, ताई, हे कशाला. मी फ्रेमच्या मागची टेप फाडली, कागद बाहेर काढला, पाटावर पसरला आणि रंग खरवडायची पाती घेऊन खालच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. मीठ करकर वाजत सुटायला लागलं. रंगही त्याच्याबरोबर सुटत होता. तोंडाने मी कोणाला तरी शिव्या देत होते असं दक्षताने नंतर सांगितलं. कागद फाटला तरी मी थांबले नाही. ताटलीत साधारण मूठभर जमलं, निळसर, त्यात कागदाचे धागे.

बाबांपुढे ताटली धरली. त्यांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली, या वेळी मी काही बोलले नाही. मग त्यांनी सगळं मीठ मुठीत घेतलं, उठले, आणि खड्ड्यात टाकलं. आत्या म्हणाली, असं निळं का आहे. बाबा म्हणाले, असतं. मेढ उभी राहिली, बायकांनी गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं, आणि प्रितमने माती लोटली.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा माझ्या खोलीत आले. ते वर चढून सहसा येत नाहीत. फाटलेल्या पौषाचा कागद मी अजून टाकला नव्हता, तो त्यांनी बघितला. मग माघ बघितलं, भिंतीला टेकवलेलं, खिडकीतल्या उजेडात चमकणारं. डोकं कलतं करून, चांगल्या डोळ्याने, पुष्कळ वेळ. त्यांनी हवेतच बोट फिरवून दाखवलं की इथे बांध, इथे पाणी घ्यायची वाट, आणि इथे त्यांची झोपडी असायची. झोपडी मी कधीच काढली नव्हती. पण त्यांनी दाखवल्यावर तिथे मिठाचा एक गठ्ठा खरंच होता.

ते खाटेवर बसले आणि म्हणाले की मितेशचं लग्न अजून बाकी आहे. मला कळलं पुढे काय येणार ते, आणि माझा सकाळपासून दाबलेला संताप एकदम वर आला. मी म्हटलं, बाबा, हे शेवटचं आहे, हे मुंबईला जाणार आहे, आणि हे मी विकणार आहे. आवाज चढला होता. खालून आईने काय झालं म्हणून विचारलं.

बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दारापर्यंत गेले.

"इक की," ते म्हणाले. "पन मीठ काढून घे आधी."